टेबल, खुर्ची आणि पत्ता : बर्लिनमधील मुक्त व्यावसायिकाची जागा

नोकरदाराला कचेरी आपोआप मिळते. मुक्त व्यावसायिकाला ती शोधावी लागते. स्वतःच्या शहरात हा शोध फारसा अवघड नसतो. घरातील एखादी खोली, मित्राच्या कचेरीतील रिकामे टेबल, ओळखीच्या उपाहारगृहातील कोपरा असे काही ना काही हाताशी असते. परदेशात मात्र ही सारी सोय नव्याने उभी करावी लागते. भाषांतरकार, संकेतस्थळांचे आरेखन करणारे, संगणकप्रणाली लिहिणारे, छायाचित्रकार, भाषा शिकविणारे असे अनेक जण आज स्वतंत्रपणे काम करीत परदेशी राहतात. त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न व्हिसाचा, दुसरा घराचा आणि तिसरा कामाच्या जागेचा असतो. हे तिन्ही प्रश्न एकमेकांत किती गुंतलेले आहेत, याचा उत्तम नमुना म्हणजे जर्मनीची राजधानी बर्लिन.

बर्लिनच का?

१९८९ मध्ये भिंत पडल्यानंतर पूर्व बर्लिनमधील कितीतरी इमारती रिकाम्या पडल्या होत्या. स्वस्त भाडे आणि मोकळी जागा यांमुळे कलावंत, लेखक, संगीतकार तेथे आले. पुढे इंटरनेटवर काम करणारी पिढी आली. २००५ मध्ये रोझेन्थालर प्लाट्झ या चौकात सुरू झालेले 'सांक्ट ओबरहोल्झ' हे कॅफे या पिढीचे जणू प्रतीक ठरले. पूर्वी जेथे आशिंगर या प्रसिद्ध उपाहारगृहाची शाखा होती, तेथेच एका कॉफीवर लॅपटॉप उघडून दिवसभर काम करणारी मंडळी दिसू लागली. साशा लोबो आणि होल्म फ्रीबे यांनी २००६ मध्ये या नव्या जीवनपद्धतीवर पुस्तकच लिहिले. त्याच सुमारास, म्हणजे २००५ मध्ये, अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे ब्रॅड न्यूबर्ग यांनी 'को-वर्किंग' या नावाने सामायिक कामाची जागा सुरू केली होती. ती कल्पना २००९ मध्ये बर्लिनच्या क्रॉइट्सबर्ग भागात 'बेटाहाउस'च्या रूपाने रुजली.

ते स्वस्त बर्लिन मात्र आता उरलेले नाही. घरभाडी इतकी वाढली की २०२० मध्ये शहराच्या सरकारने भाड्यावर कमाल मर्यादा घातली. एप्रिल २०२१ मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदा रद्द ठरविला. परिणामी नव्याने येणाऱ्या अनेकांना सामायिक सदनिकेतील एका खोलीवर समाधान मानावे लागते. त्याच खोलीत झोपायचे, जेवायचे आणि दिवसाचे आठ तास कामही करायचे, अशी वेळ आली की कामाची जागा ही चैन राहत नाही. ती गरज होते.

आधी कागदपत्रे

युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकाला जर्मनीत स्वतंत्रपणे काम करायचे असेल, तर निवास कायद्याच्या कलम २१ खाली परवाना घ्यावा लागतो. पर्यटक व्हिसा हा काम करण्याचा परवाना नव्हे, हे येथे स्पष्टपणे लक्षात घेतले पाहिजे. भारतातून जाणाऱ्याने निघण्यापूर्वीच जर्मन वकिलातीकडे राष्ट्रीय व्हिसासाठी अर्ज करावयाचा असतो. पुढील निवास परवाना बर्लिनचे स्थलांतर कार्यालय देते. पदव्यांची प्रमाणपत्रे, कामाचा अनुभव, आरोग्य विमा, उत्पन्न आणि खर्चाचा अंदाज, तसेच काम देऊ इच्छिणाऱ्या ग्राहकांची पत्रे अशी कागदपत्रे मागितली जातात. ४५ वर्षांवरील अर्जदाराला वृद्धापकाळाची आर्थिक तरतूदही दाखवावी लागते. जे नोकरीसाठी आधीच जर्मनीत आहेत आणि ज्यांच्याकडे 'ब्लू कार्ड' आहे, त्यांना जोडीने स्वतंत्र काम करण्यासाठी वेगळी परवानगी काढावी लागते.

जर्मन करकायद्यात स्वतंत्र काम करणाऱ्यांचे दोन वर्ग आहेत. लेखक, पत्रकार, भाषांतरकार, शिक्षक, वास्तुविशारद, अभियंते, डॉक्टर, वकील आदी 'फ्रायबेरुफ्लर' म्हणजे मुक्त व्यावसायिक. इतरांचे काम 'गेवेर्बे' म्हणजे धंदा मानले जाते आणि त्यासाठी निराळी नोंदणी व निराळा कर असतो. आपले काम कोणत्या वर्गात मोडते, हे जागा घेण्यापूर्वीच ठरवून घेणे शहाणपणाचे ठरते, कारण घरून काम करण्याविषयी घरमालक किंवा सरकारी कचेरी पहिला प्रश्न हाच विचारते.

नव्या घरात राहावयास गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यासाठी घरमालकाचे लेखी पत्र लागते. या नोंदणीशिवाय करक्रमांक, बँकेचे खाते, विमा असे पुढचे कोणतेच काम सुरळीत होत नाही. केवळ कामाची जागा भाड्याने घेऊन ही नोंदणी होत नाही. तेथे प्रत्यक्ष राहण्याचे घरच लागते. म्हणून स्वस्त खोली मिळाली तरी 'नोंदणी करता येणार नाही' अशी अट असेल, तर ती दीर्घ मुक्कामासाठी घेऊ नये.

घर हीच कचेरी

सर्वांत कमी खर्चाची जागा अर्थातच घर. भाड्याच्या घरात काम करता येते का, अशी शंका अनेकांना असते. २००९ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने याबाबत मार्गदर्शक निकाल दिला. जे काम बाहेरून दिसत नाही, ज्यासाठी ग्राहकांची ये-जा नाही आणि कर्मचारी नाहीत, असे टेबलावरचे काम भाडेकरू घरात करू शकतो. दारावर पाटी लागली, माणसे येऊ लागली, शेजाऱ्यांना त्रास होऊ लागला, की मालकाची परवानगी आवश्यक ठरते. मुलांना घरी बोलावून भाषेचे वर्ग घेणाऱ्याने म्हणूनच आधी विचारलेले बरे.

करातही घरच्या कामाची दखल घेतली जाते. २०२३ पासून मुख्यतः घरून काम केलेल्या प्रत्येक दिवसामागे ६ युरो, वर्षाला जास्तीत जास्त १,२६० युरो, खर्च म्हणून दाखविता येतात. स्वतंत्र खोली केवळ कामासाठी असेल आणि तीच कामाचे मुख्य केंद्र असेल, तर प्रत्यक्ष खर्चही दाखविता येतो. झोपण्याच्या खोलीतील कोपऱ्याला मात्र ही स्वतंत्र खोलीची सवलत लागू होत नाही.

घराचे तोटे आकड्यांत सांगता येत नाहीत. सामायिक सदनिकेत इतरांच्या वेळा निराळ्या असतात. रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ जर्मनीत काटेकोरपणे पाळली जाते आणि रविवारीही आवाजावर बंधन असते. अमेरिकेतील ग्राहकांशी रात्री उशिरा बोलणाऱ्याचा आवाज पातळ भिंतीपलीकडे गेला, तर दुसऱ्या दिवशी दारावर चिठ्ठी दिसण्याची शक्यता असते.

कॅफे : दोन तासांची सोबत

कॅफेत बसून काम करणे हा बर्लिनचा रिवाज असला, तरी त्याचेही अलिखित नियम आहेत. जर्मनीत बराच काळ सार्वजनिक वायफाय दुर्मीळ होते. आपल्या जोडणीवरून ग्राहकाने बेकायदा काही उतरवून घेतले, तर कॅफेमालकाला जबाबदार धरले जाण्याची भीती असे. २०१७ मध्ये कायद्यात बदल झाला आणि ही भीती बरीच दूर झाली. त्याच वेळी लॅपटॉपवाल्यांची गर्दीही वाढली. त्यामुळे काही कॅफेंनी शनिवार-रविवारी लॅपटॉपला मज्जाव केला, तर काहींनी ठराविक टेबलेच त्यासाठी ठेवली. आत शिरताच टेबलावरची पाटी वाचावी, दुपारच्या जेवणाच्या वेळी मोठे टेबल अडवू नये आणि दर दीड-दोन तासांनी काहीतरी मागवावे, हे सौजन्य पाळल्यास पुढच्या वेळीही स्वागत होते.

कॅफे पत्रव्यवहारासाठी, वाचनासाठी, कच्च्या मसुद्यासाठी चांगले. ग्राहकाची गोपनीय कागदपत्रे, बँकेचे व्यवहार आणि फोनवरील वाटाघाटी यांसाठी ते योग्य नव्हे. लहान गोल टेबल आणि पाठ नसलेले स्टूल यांवर रोज सहा तास बसणाऱ्याला त्याची किंमत मान आणि कंबर यांच्या रूपाने मोजावी लागते.

ग्रंथालये : शहराची खरी श्रीमंती

शांत जागा आणि मोठे टेबल हवे असणाऱ्यासाठी बर्लिनची ग्रंथालये हे मोठे वरदान आहे. राज्य ग्रंथालयाची दोन प्रमुख सदने आहेत. उंटर डेन लिंडन या राजरस्त्यावरची जुनी वास्तू १९०३ ते १९१४ या काळात बांधली गेली. तेथील काचेचे नवे वाचनदालन २०१३ मध्ये खुले झाले. पोट्सडामर रस्त्यावरील दुसरे सदन हान्स शारून या वास्तुविशारदाच्या कल्पनेतून साकारले आणि १९७८ मध्ये सुरू झाले. विम वेंडर्स यांच्या १९८७ मधील बर्लिनवरील चित्रपटात देवदूत ज्या ग्रंथालयात फिरतात, ते हेच. मजल्यांमागून मजले उलगडत जाणारी ती मोकळी जागा काम करणाऱ्याला एकटेपणा जाणवू देत नाही आणि व्यत्ययही आणत नाही.

हुम्बोल्ट विद्यापीठाचे 'ग्रिम केंद्र' २००९ मध्ये सुरू झाले. पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारे तेथील वाचनदालन प्रसिद्ध आहे. पण परीक्षांच्या काळात तेथे जागा मिळणे कठीण. ब्ल्यूशर चौकातील 'अमेरिका स्मृती ग्रंथालय' १९५४ मध्ये अमेरिकेच्या देणगीतून उभे राहिले. १९४८-४९ च्या वेढ्याच्या दिवसांत शहर तगून राहिले, त्याची ती आठवण आहे. तेथे विद्यार्थी, निवृत्त मंडळी, नव्याने आलेले निर्वासित असे सारे एकत्र बसलेले दिसतात आणि शहराशी ओळख करून घेण्यास याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

ग्रंथालयाच्या मर्यादाही आहेत. फोनवर बोलता येत नाही, कोट आणि पिशवी बहुधा कपाटात ठेवावी लागते, टेबलावर खाता येत नाही आणि वेळापत्रक ग्रंथालयाचे असते. कपाटाच्या कुलपासाठी नाणे किंवा स्वतःचे कुलूप लागते का, वाचकपत्र हवे का, याची चौकशी आधी करावी.

को-वर्किंग आणि सामायिक कचेरी

आठवड्यातील तीन-चार दिवस ठरलेली जागा हवी असेल, तर को-वर्किंगचा विचार करावा. त्याचे प्रकार तीन. पहिल्यात रोज जे टेबल रिकामे असेल तेथे बसावयाचे. दुसऱ्यात स्वतःचे ठरलेले टेबल मिळते, त्यावर संगणकाचा मोठा पडदा कायम ठेवता येतो. तिसऱ्यात बंद खोली मिळते. दर भागानुसार बदलतात. जाहिरातीतील आकडा बहुधा १९ टक्के मूल्यवर्धित कराशिवायचा असतो, हे ध्यानात ठेवावे. ज्यांची वार्षिक उलाढाल लहान आहे, म्हणजे २०२५ पासूनच्या नियमानुसार मागील वर्षी २५,००० युरोपर्यंत आणि चालू वर्षी १,००,००० युरोपर्यंत, त्यांना आपल्या बिलावर हा कर लावावा लागत नाही. मात्र अशी सवलत घेतली की भाड्यावर भरलेला करही परत मिळत नाही. त्यांच्यासाठी १९ टक्के हा खराच खर्च असतो.

खर्चाचा हिशेब दिवसावर करावा. समजा महिन्याचे शुल्क करासह २०० युरो आहे आणि प्रत्यक्षात १६ दिवस जाणे होणार आहे, तर दिवसाला साडेबारा युरो पडतात. कॅफेत दिवसभर बसून तीन पेये आणि एक खाद्यपदार्थ घेतला, तर खर्च याहून कमी होईलच असे नाही. पण जाणे सहाच दिवस होणार असेल, तर तोच आकडा तेहतीस युरोंच्या पुढे जातो आणि दिवसाचा पास घेणे परवडते.

जाहिरातींत फारसा न दिसणारा आणखी एक पर्याय म्हणजे 'ब्युरोगेमाइनशाफ्ट', म्हणजे सामायिक कचेरी. चार-सहा मुक्त व्यावसायिक मिळून एखादी जागा भाड्याने घेतात, एक टेबल रिकामे झाले की नवा सोबती शोधतात. येथे झगमगाट नसतो; पण भाडे बहुधा कमी, सोबती कायमचे आणि स्वयंपाकघर आपले. जर्मन बोलण्याची सवयही येथेच लागते. पुण्यात मॅक्समुल्लर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकून गेलेल्यांना पुस्तकी भाषा आणि बोलभाषा यांतील अंतर अशा दुपारच्या जेवणाच्या टेबलावर भरून काढता येते. तेथील वास्तुविशारदाला संकेतस्थळ हवे असते, संपादकाला भाषांतरकार हवा असतो. कित्येक कामे अशीच शेजारच्या टेबलावरून येतात.

करार करताना मुदत नीट पाहावी. मोठमोठ्या कंपन्याही या व्यवसायात अडचणीत आल्या आहेत. 'वीवर्क' या जगप्रसिद्ध अमेरिकी कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरी संरक्षण मागितले आणि २०२४ मध्ये ती त्यातून बाहेर आली. म्हणून वर्षाचे पैसे आगाऊ भरण्यापेक्षा महिन्याच्या मुदतीवर सोडता येईल असा करार बरा.

पत्त्याचा प्रश्न

जर्मनीत कामाच्या जागेचा विचार पत्त्याशिवाय पूर्ण होत नाही. व्यवसायासाठी संकेतस्थळ चालविणाऱ्याला त्यावर आपले नाव आणि कायदेशीर नोटीस पोहोचेल असा पत्ता द्यावाच लागतो. पूर्वी ही तरतूद दूरमाध्यम कायद्यात होती; मे २०२४ पासून ती डिजिटल सेवा कायद्यात आली. टपालपेटीचा क्रमांक चालत नाही. घरून काम करणाऱ्याला म्हणजे राहत्या घराचा पत्ता साऱ्या जगापुढे ठेवणे भाग पडते. एकट्या राहणाऱ्या स्त्रियांना आणि संवेदनशील विषयांवर लिहिणाऱ्या पत्रकारांना ही बाब जाचक वाटते. काही को-वर्किंग जागा टपाल स्वीकारण्याची सेवा देतात. मात्र तेथे कायदेशीर नोटीस खरोखरच स्वीकारली जाते का, हे लेखी विचारून घ्यावे.

आणखी एक साधी पण महत्त्वाची गोष्ट. जर्मन पोस्टमन खोलीचा क्रमांक पाहत नाही, पत्रपेटीवरचे नाव पाहतो. नाव चिकटविलेले नसेल तर करखात्याचे पत्र परत जाते, मुदत उलटते आणि दंडाची वेळ येते. सामायिक सदनिकेत राहावयास गेल्यावर पहिल्याच दिवशी पत्रपेटीवर आपले नाव लावावे.

ग्राहकाच्या कचेरीचा मोह

काही ग्राहक स्वतःच टेबल देऊ करतात. फुकट जागा, कॉफी, सोबत सारे मिळते. परंतु धोकाही येथेच आहे. एकाच ग्राहकाच्या कचेरीत, त्याच्या वेळेनुसार, त्याच्या आज्ञेनुसार आणि त्याच्याच साधनांवर काम केले, तर अशी व्यक्ती मुक्त व्यावसायिक नसून नावापुरती स्वतंत्र आहे, असा निष्कर्ष जर्मन निवृत्तिवेतन विमा संस्था काढू शकते. तसे झाले तर ग्राहकावर सामाजिक विम्याच्या थकीत हप्त्यांचा बोजा येतो. परदेशी नागरिकाच्या बाबतीत तर स्वतंत्र कामासाठी दिलेल्या निवास परवान्याविषयीही प्रश्न निर्माण होतो. एक पुरावा सर्व काही ठरवीत नाही. तरीही स्वतःची जागा, स्वतःची साधने आणि एकाहून अधिक ग्राहक या गोष्टी स्वतंत्रपणाच्या बाजूने बोलतात. म्हणून कामाच्या जागेच्या भाड्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

घड्याळ आणि सूर्य

भारत आणि जर्मनी यांच्या वेळेत उन्हाळ्यात साडेतीन, तर हिवाळ्यात साडेचार तासांचे अंतर असते. पुण्यात दुपारचे १२ वाजतात तेव्हा हिवाळ्यात बर्लिनमध्ये सकाळचे साडेसात झालेले असतात. मुंबई-पुण्याच्या ग्राहकांसाठी काम करणाऱ्याचे फोन सकाळीच आटोपतात. तेवढ्या पहाटे ग्रंथालय उघडलेले नसते. अशा व्यक्तीने सकाळ घरी फोनसाठी आणि दुपार ग्रंथालयात लेखनासाठी, अशी विभागणी करावी. अमेरिकेशी काम असणाऱ्याला उलट संध्याकाळी उशिरापर्यंत उघडी राहणारी जागा लागते.

दुसरी बाब सूर्यप्रकाशाची. डिसेंबरमध्ये बर्लिनचा दिवस आठ तासांहूनही लहान असतो. चारच्या आधीच सूर्य मावळतो. मुंबईचा सर्वांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे फरक कळतो. जून महिन्यात पाहिलेली अंगणाकडची खोली तेव्हा छान वाटते. नोव्हेंबरमध्ये तेथे दिवसभर दिवा लावावा लागतो. घरी एकटे काम करणारा दिवसेंदिवस कोणाशी बोलतही नाही आणि उजेडही पाहत नाही. पहिल्या हिवाळ्यात अनेकांचे मन खचते ते याच कारणाने. निदान त्या चार महिन्यांपुरती तरी खिडकीजवळची आणि माणसांतील जागा घेणे, हा खर्च नव्हे तर तब्येतीची काळजी समजावी.

जागा ठरविण्यापूर्वी

* जाहिरातीवर विसंबू नये. एक दिवसाचा पास घेऊन मंगळवार-बुधवारसारख्या गर्दीच्या दिवशी पूर्ण वेळ बसून पाहावे.
* फोनसाठी बंद कक्ष किती आहेत आणि ते दुपारी मोकळे मिळतात का, हे स्वतः पाहावे.
* इंटरनेटचा वेग भर दुपारी मोजावा. केवळ माहिती उतरवून घेण्याचा नव्हे, पाठविण्याचाही.
* खुर्चीची उंची आणि पाठ कमी-जास्त करता येते का, टेबलावर पाय हलविण्यास जागा आहे का, हे तपासावे.
* भाड्यात वीज, तापविण्याचा खर्च, छपाई, बैठकीची खोली धरली आहे का, अनामत किती आणि सोडण्याची पूर्वसूचना किती दिवसांची, हे लेखी घ्यावे.
* घरापासूनचे अंतर विचारात घ्यावे. संपूर्ण जर्मनीत स्थानिक वाहनांसाठी चालणारे मासिक तिकीट २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झाले. २०२५ मध्ये ते ५८ आणि २०२६ मध्ये ६३ युरो झाले. सायकलने जाता येईल अशी जागा मिळाल्यास हा खर्च वाचतो.
* भारतातून नेलेले जाड तीन पिनांचे प्लग जर्मन सॉकेटमध्ये बसत नाहीत. विजेचा दाब दोन्हीकडे सारखाच असल्याने केवळ जोडप्लग पुरतो.
* प्रत्येक महिन्याचे बिल आपल्या नावावर आणि नोंदणीकृत पत्त्यावर घ्यावे. करविवरणात तेच उपयोगी पडते.

पहिल्या दिवसापासून एकच कायमची जागा घेण्याची घाई करू नये. पहिला महिना ग्रंथालय आणि घर, दुसऱ्या महिन्यात दोन-तीन को-वर्किंग जागांचे दिवसाचे पास आणि मग आपल्या ग्राहकांच्या वेळा, बोलण्याची गरज व खिसा पाहून निर्णय, हा क्रम व्यवहार्य आहे. टेबल, खुर्ची आणि वीज यांची सोय कोठेही होते. ठरलेल्या वेळी उठून जावे असे ठिकाण आणि तेथे आपल्याला नावाने ओळखणारे चार लोक मिळाले, की परक्या शहरातील मुक्काम खऱ्या अर्थाने सुरू होतो.